जोर कशात मोजावा?

'जोर' हा शब्द आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. पावसाला जोर असतो, तापाला जोर असतो. डब्याचे झाकण निघेना की 'जरा जोर लाव' असे आतून सांगितले जाते, आणि तालमीत पोरे पहाटे उठून जोर काढतात. इतका हा शब्द घरचा आहे. परंतु 'जोर म्हणजे नेमके काय, आणि तो मोजायचा कशात?' असे कोणी विचारले तर आपण घटकाभर थांबतो. शाळेच्या पुस्तकात याच गोष्टीला 'बल' असे भारदस्त नाव मिळते आणि एका ओळीत तिचा निकाल लागतो : वस्तुमानाला त्वरणाने गुणावे, की झाले बल! ही ओळ अशा थाटात छापलेली असते, की जणू ती कोणा माणसाने लिहिलीच नसावी. आकाशातून उतरली असावी.

मी काही पदार्थविज्ञानाचा पंडित नव्हे. जुन्या माणसांची जुनी भांडणे वाचण्याचा मात्र मला नाद आहे. आणि या एका ओळीच्या मागे जे भांडण दडले आहे, ते माझ्या मते युरोपच्या विद्येच्या इतिहासातील फार मजेदार, आणि मजेदार असूनही फार गंभीर असे भांडण आहे. सणाच्या दिवसांत भांडणाची गोष्ट सांगू नये म्हणतात. पण या भांडणात कोणाचे डोके फुटले नाही, आणि शेवटी दोन्ही पक्षांच्या पदरात काहीतरी पडले. तेव्हा ती सांगायला हरकत नसावी.

फार मागे जायचे तर इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील ॲरिस्टॉटलपर्यंत जावे लागेल. त्याचे म्हणणे सरळ होते : बैल ओढतो तोवर गाडी चालते, बैल थांबला की गाडी थांबते, म्हणजे जिथे गती आहे तिथे कोणीतरी ढकलणारा आहे. मग हातातून सुटलेल्या दगडाला कोण ढकलतो? ॲरिस्टॉटल म्हणे, भोवतालची हवा. हे उत्तर पुढच्यांना पटेना. चौदाव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठातील झाँ ब्युरिदाँ याने सांगितले, की फेकणारा दगडात एक प्रकारचा आवेग भरून ठेवतो; दगडात द्रव्य जितके अधिक आणि वेग जितका अधिक, तितका हा आवेग मोठा. म्हणजे जोर बाहेरून येतो, पण मग वस्तूच्या पोटात राहतो.

आकाशातल्या ग्रहांना कोण फिरवतो, हाही तसाच प्रश्न. केप्लरने आपल्या तरुणपणच्या ग्रंथात सूर्याच्या ठायी ग्रहांना चालवणारा आत्मा कल्पिला होता. पुढे १६२१ साली त्याच ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढताना त्याने टीप दिली, की 'आत्मा' हा शब्द काढून तिथे 'बल' हा शब्द घाला. एका शब्दाची ही दुरुस्ती! पण तिच्यामुळे जी गोष्ट पुरोहिताच्या हाती होती, ती गणित्याच्या हाती आली. आत्मा मोजता येत नाही. बल मोजता आले पाहिजे.

मोजायचे, पण कशाने? इथे भांडणाला तोंड लागते.

१६४४ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने एक मोठा सिद्धांत मांडला. ईश्वराने सृष्टी निर्माण करताना तिच्यात गतीचा एक ठराविक साठा घातला. तो कमी होत नाही, वाढत नाही. हा साठा मोजायचा कसा? तर वस्तूचा आकार गुणिले तिचा वेग. दोन शेरांची वस्तू एका वेगाने जात असेल, तर तिच्यातील गती एक शेराच्या, दुप्पट वेगाने जाणाऱ्या वस्तूइतकीच. कल्पना मोठी सुबक होती. पण तिच्या आधारे देकार्तने टकरींचे जे नियम सांगितले ते बहुतेक सगळे चुकीचे निघाले. त्याच्या एका नियमाप्रमाणे लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर कितीही वेगाने आदळली, तरी मोठी वस्तू जागची हलायचीच नाही. कॅरम खेळणारे कोणतेही पोर हा नियम एका फटक्यात खोटा पाडील.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ साली टकरींचा प्रश्न जाणकारांपुढे ठेवला. उत्तरे आली तिघांची : वॉलिस, रेन आणि हॉलंडचा हायगेन्स. हायगेन्सची युक्ती त्याच्या देशाला शोभेल अशी होती. कालव्यातून संथ जाणाऱ्या होडीत एक माणूस दोन लोलक एकमेकांवर आदळवतो, आणि काठावर उभा असलेला दुसरा माणूस तीच टक्कर पाहतो. होडीतल्याला जो वेग दिसतो तो काठावरच्याला दिसत नाही. पण टकरीचा नियम मात्र दोघांना एकच दिसला पाहिजे. एवढ्या एका विचारातून त्याने खरे नियम काढले. त्यातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. एक अशी, की वस्तुमान गुणिले वेग ही रास टिकते खरी, पण दिशा लक्षात घेतली तरच. उजवीकडची गती जमा धरली तर डावीकडची वजा धरावी लागते. दुसरी अधिक विलक्षण : उसळणाऱ्या कठीण गोळ्यांच्या टकरीत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हीदेखील रास जशीच्या तशी राहते. एका टकरीत दोन हिशेब, आणि दोन्ही जुळतात! मग खरा जोर कोणता?

१६८६ च्या मार्चमध्ये लाइपझिगच्या एका विद्वत्पत्रिकेत लायब्निट्झचा एक छोटासा लेख आला. देकार्तच्या एका संस्मरणीय चुकीची संक्षिप्त सिद्धता, असे त्याचे नाव होते. नावातच ठिणगी होती. लायब्निट्झचा युक्तिवाद वाण्याच्या हिशेबासारखा चोख आहे. एक शेर वजन ४ हात उचलायला जेवढे श्रम पडतात, तेवढेच ४ शेर वजन १ हात उचलायला पडतात. हे कोणालाही मान्य व्हावे. मग ही दोन वजने तितक्याच उंचीवरून सोडली, तर खाली पोचताना दोघांचा जोरही सारखाच असला पाहिजे. आता गॅलिलिओने दाखवून दिले आहे, की चौपट उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग चौपट होत नाही, दुप्पट होतो. तेव्हा एक शेराचा वेग २ आणि चार शेरांचा वेग १ धरा. देकार्तच्या मापाने पहिल्याचा जोर २ आणि दुसऱ्याचा ४. हिशेब जुळत नाही. वेगाचा वर्ग घ्या : एक गुणिले चार म्हणजे ४, आणि चार गुणिले एक म्हणजेही ४. जुळला!

आणि देकार्तचेच माप खरे मानले तर? लायब्निट्झ म्हणतो, मग चार शेरांचा सगळा जोर एका शेरात भरता आला, तर त्या एका शेराचा वेग ४ होईल आणि तो १६ हात उंच चढेल. म्हणजे चार हातांचे श्रम घालून सोळा हातांचे फळ! असे यंत्र जगात असते तर विहिरीवरच्या बैलांना केव्हाच सुट्टी मिळाली असती. फुकट काही मिळत नाही, या एका घरगुती सत्यावर त्याने सगळी इमारत उभी केली. वेगाच्या वर्गाने मोजायच्या या राशीला तो 'जिवंत बल' म्हणू लागला; नुसत्या टेकून राहिलेल्या वजनाच्या दाबाला 'मृत बल'.

पुढच्याच वर्षी, १६८७ मध्ये, न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध झाला. न्यूटनची वाट तिसरीच होती. बल म्हणजे वस्तूच्या पोटात साठवलेले काही नव्हे. बल बाहेरून लागते आणि गतीत बदल घडवते, एवढेच. गाडी सारखी चालत ठेवायला बल लागत नाही. ती चालू करायला, थांबवायला किंवा वळवायला लागते. बैल ओढीत असतो तो वाटेच्या घासण्याशी झुंजण्यासाठी. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला समज इथे मुळापासून उखडला गेला.

वाचक म्हणतील, वर्ग घ्यावा की न घ्यावा एवढ्यावरून पंडितांनी एवढे हमरीतुमरीवर का यावे? कारण प्रश्न नुसत्या गुणाकाराचा नव्हता. जग हळूहळू विझत चालले आहे काय, हा होता. न्यूटनने लिहून ठेवले होते, की जगातील गती मिळण्यापेक्षा हरवण्याकडेच अधिक कललेली आहे. चिखलाचे दोन सारखे गोळे समोरासमोर आपटले की दोघेही थबकतात; गती गेली ती गेलीच. लायब्निट्झला हे सोसवेना. मग ईश्वर हा असा कसला घड्याळजी, की ज्याला आपले घड्याळ अधूनमधून किल्ली देऊन चालू ठेवावे लागते? १७१५ आणि १७१६ या दोन वर्षांत त्याचा न्यूटनचा मित्र सॅम्युअल क्लार्क याच्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्यात हा वाद टोकाला गेला. चिखलाच्या गोळ्यांतले बल कुठे जाते, याला लायब्निट्झचे उत्तर होते, की ते नाहीसे होत नाही. वस्तूच्या सूक्ष्म कणांत वाटले जाते. मोठे नाणे मोडून चिल्लर घ्यावी, तसे. दाखला सुंदर होता. पण ती चिल्लर कोणी पाहिली नव्हती. १७१६ च्या नोव्हेंबरात लायब्निट्झ वारला आणि पत्रव्यवहार तिथेच थांबला.

वाद मात्र थांबला नाही. १७२२ साली हॉलंडमधील लेडन विद्यापीठाचे प्राध्यापक ग्राव्हेसांद यांनी एक साधा प्रयोग केला. सारख्याच आकाराचे पण निरनिराळ्या वजनांचे पितळी गोळे घेऊन त्यांनी ते मऊ मातीवर निरनिराळ्या उंचीवरून सोडले, आणि खड्डे ताडून पाहिले. ग्राव्हेसांद हे न्यूटनचे कट्टर पुरस्कर्ते; न्यूटनचे विचार युरोपात पसरवण्यात त्यांचा मोठा वाटा. पण मातीने कौल दिला तो लायब्निट्झच्या बाजूने, आणि या भल्या माणसाने तो जाहीरपणे मान्य केला.

हा प्रयोग घरी करता येईल, आणि त्याला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. कारण मुलांच्या किल्ल्याची ओली माती घरात शिल्लक असतेच. ती एका ताटात सारखी थापावी. एक काचेची गोटी घ्यावी आणि तेवढ्याच आकाराची, मोठ्या बेअरिंगमधली पोलादी गोळी मिळवावी. पोलाद काचेच्या सुमारे तिप्पट जड असते. पोलादी गोळी १ हात उंचीवरून सोडा आणि खड्डा पाहून ठेवा. आता काचेची गोटी किती उंचीवरून सोडली म्हणजे तसाच खड्डा पडेल? देकार्तचे माप खरे असेल, तर गोटीचा वेग तिप्पट हवा, आणि तिप्पट वेगासाठी उंची नऊपट. म्हणजे बाबांना गोटी घेऊन माडीवर चढावे लागेल. लायब्निट्झचे माप खरे असेल, तर ३ हात पुरेत. मुलांनी दोन्ही करून पाहावे आणि मातीलाच विचारावे. सहसा ३ हातांच्या आसपास खड्डे जुळतात, आणि बाबांचा जिना वाचतो.

प्रयोगाने वाद मिटतो असे आपण समजतो. इथे तो चिघळला. ग्राव्हेसांदांचा कौल लंडनला म्हणजे फितुरीच वाटली. १७२८ साली क्लार्कने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जे पत्र छापले, त्यात लायब्निट्झच्या पक्षाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना आहे. लायब्निट्झला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. एकंदरीत इंग्लंड एका बाजूला, जर्मनी आणि हॉलंड दुसऱ्या बाजूला, आणि फ्रान्स दुभंगलेला, अशी विभागणी झाली. गुणाकाराला राष्ट्राभिमान चिकटला की माणसे मातीतले खड्डेही पाहीनाशी होतात.

दुभंगलेल्या फ्रान्समध्ये एक घर असे होते, की ज्याच्या एकाच छपराखाली दोन्ही पक्ष नांदत होते. सिरे गावच्या त्या वाड्यात मार्कीज एमिली द्यु शातले राहत असे, आणि तिच्यासोबत व्होल्तेर. दोघे मिळून न्यूटनचा अभ्यास करीत. १७४० साली एमिलीने पदार्थविज्ञानाचे एक पुस्तक छापले. लेखिकेचे नाव न घालता. ते तिने आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी म्हणून लिहिले होते. न्यूटनची एवढी अभ्यासक, पण शेवटच्या प्रकरणात तिने जोराच्या मापाबाबत लायब्निट्झचा पक्ष घेतला. आणि मेराँ नावाच्या नामवंत शास्त्रज्ञाच्या युक्तिवादातील दोष दाखवले.

हा मेराँ नुकताच पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा चिटणीस झालेला. एका स्त्रीने, तेही छापील पुस्तकात, आपली चूक काढावी हे त्याला कसे रुचावे? त्याने १७४१ च्या फेब्रुवारीत उघड पत्र प्रसिद्ध केले. त्याचा मथितार्थ असा, की बाईसाहेबांनी माझा निबंध पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचावा. महिनाभरात एमिलीचे छापील उत्तर बाहेर पडले. तिने निबंध वाचला होता हे त्यातून पुरेपूर सिद्ध झाले. कारण तिने मुद्द्याला मुद्दा लावून तो तपासला होता. मेराँने पुढे वाद वाढवला नाही. गंमत अशी, की त्याच वर्षी खुद्द व्होल्तेरने अकादमीला एक टिपण सादर केले, ते मेराँच्या पक्षाचे! घरात दोन मते असतील तर संसार कसा चालायचा, असे विचारणाऱ्यांनी सिरेच्या वाड्याकडे पाहावे. मला या साऱ्या प्रकरणात एमिलीची बाजू मोठी वाटते ती एवढ्यासाठी, की तिला इंग्लंड किंवा जर्मनी कोणाचाच झेंडा मिरवायचा नव्हता. न्यूटनचे जे खरे वाटले ते तिने घेतले, आणि लायब्निट्झचे जे खरे वाटले तेही.

१७४३ साली दालाँबेर या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या फ्रेंच गणित्याने आपल्या गतिशास्त्राच्या ग्रंथात या वादाला नुसता शब्दांचा झगडा म्हणून बाजूला सारले. कसा, ते एका चेंडूवरून सांगतो. चेंडू सरळ वर फेका. पुढच्या खेपेला दुप्पट वेगाने फेका. दुसऱ्या खेपेला तो वर जायला दुप्पट वेळ घेतो; आणि चौपट उंच जातो. आता जोर कितीपट वाढला? वेळ मोजणारा म्हणेल दुप्पट, उंची मोजणारा म्हणेल चौपट. दोघांचेही मोजणे अचूक आहे. पृथ्वीचे खाली ओढणारे बल चेंडूवर किती वेळ चालले ते पाहिले, तर वस्तुमान गुणिले वेग ही रास मिळते. तेच बल किती अंतरभर चालले ते पाहिले, तर वेगाचा वर्ग मिळतो. देकार्तचे अनुयायी घड्याळाकडे पाहत होते, लायब्निट्झ मोजपट्टीकडे. आणि दोघेही आपल्या उत्तराला 'बल' हे एकच नाव देण्याचा हट्ट धरून बसले होते.

परंतु 'नुसता शब्दांचा झगडा' हा दालाँबेरचा शेरा मला पुरता मान्य होत नाही. एका शब्दात तीन निराळ्या वस्तू कोंबल्या गेल्या आहेत हे कळायलाच तर हे भांडण लागले! वस्तुमान गुणिले वेग हा झाला संवेग. वेगाच्या वर्गाची रास ही पुढे ऊर्जा ठरली. हे नाव इंग्लंडच्या थॉमस यंगने १८०७ साली सुचवले, आणि १८२९ साली कोरिओलिसने तिच्यामागे अर्धा लावून हिशेब पुरा केला. आणि संवेगात बदल घडवणारे ते बल. शाळेच्या पुस्तकातली ती ओळसुद्धा तशा रूपात न्यूटनच्या ग्रंथात नाही. गतीतला बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो, एवढेच त्याने म्हटले. त्या नियमाला सर्व वस्तूंना लागू पडणाऱ्या समीकरणाचे रूप देऊन ऑयलरने ते बर्लिनच्या अकादमीपुढे ठेवले, ते १७५० साली.

आणि लायब्निट्झची ती चिल्लर? ती सापडायला सव्वाशे वर्षे लागली. १८४० नंतरच्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स जूलने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात पाती फिरवली आणि पाणी किती तापले ते मोजले. वजनांनी गमावलेले सारे पाण्यात उष्णतेच्या रूपाने जमा झालेले आढळले. चिखलाचे गोळे थबकतात तेव्हा तेही किंचित तापतात. हरवत काहीच नाही. १८४७ साली हेल्महोल्त्झने बर्लिनमध्ये हा अक्षय्यतेचा नियम मांडला, तेव्हासुद्धा त्याने निबंधाच्या नावात 'बल' हाच शब्द वापरला होता. सवयीचा शब्द सोडणे पंडितांनाही किती जड जाते पाहा.

एमिलीला यातले काही पाहायला मिळाले नाही. १७४९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ती गरोदर होती आणि न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणण्याचे काम हातात होते. आपण बाळंतपणातून उठणार नाही, अशी भीती तिने बोलून दाखवली होती. रात्रीचा दिवस करून तिने ते काम हातावेगळे केले आणि हस्तलिखित राजाच्या ग्रंथालयात सुरक्षित ठेवण्यासाठी धाडले. ४ सप्टेंबरला तिला मुलगी झाली. १० सप्टेंबरला ती वारली. संपूर्ण अनुवाद छापला गेला तो १७५९ साली, आणि तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे फ्रेंच वाचक न्यूटन वाचत आले ते तिच्या शब्दांत.

आपल्या मराठीत या बाबतीत मोठी सोय आहे. 'जोर' सगळीकडे चालतो खरा. पण गर्दीचा 'रेटा' वेगळा, दोरीला बसलेला 'हिसका' वेगळा, आणि घाट चढून गेल्यावरही ज्याच्या अंगात उरतो तो 'दम' वेगळा, हे आपल्या आज्यांना पदार्थविज्ञान न शिकताही ठाऊक होते. आणि हा फरक आजही जिवावर बेतणारा आहे. मोटार दुप्पट वेगाने हाकली तर ब्रेक लावल्यावर ती थांबायला वेळ दुप्पट लागतो. पण तेवढ्यात ती चौपट रस्ता खाते. सणाला गावी निघालेल्या वाहनाचा चालक वेग वाढवतो तेव्हा त्याचे लक्ष घड्याळाकडे असते. समोरून रस्ता ओलांडणाऱ्याचा जीव मात्र अंतरावर अवलंबून असतो. घरातून निघताना त्याला 'सावकाश जा' म्हणून सांगतोच. या वर्षी त्याच्यासमोर मातीच्या ताटात गोटी टाकूनही दाखवावी.